राजामणीचं ऑपरेशन, रंजनाची मुलगी

हे लिहायला बसले ती बिलोलीकडच्या एका बाईमुळे. मागच्या महिन्यात हैदराबादच्या इस्पितळात रक्ततपासणीच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी होती. माझं मराठी ऐकून तिने मान वळवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुमचं नाव कोणीकडच्या कार्डावर हाय?" ऑपरेशन कधी झालं, दुखतं का, यातलं काही नाही. आधी कार्ड. मी म्हटलं, बस इथे, सांगते. रांग लांब होती म्हणून सगळं सांगून झालं. प्रत्येकीला एवढी लांब रांग मिळेलच असं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दोन नावं

माझं माहेर हद्दीच्या पलीकडे, तेलंगणात. सासर देगलूरच्या बाजूला एका खेड्यात. दोन्ही गावांमध्ये बसने तासाभराचं अंतर. आमच्याकडे सोयरीक करताना राज्याची हद्द कोणी पाहत नाही. घर पाहतात, शेत पाहतात आणि बस किती वाजता आहे ते पाहतात. लग्नात ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, रंजना. माहेरची राजामणी त्या दिवशी संपली असं सगळ्यांनी धरलं. कागदावर ती संपली नाही.

माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी करायला आईने नको म्हटलं. तिकडे माणशी तांदूळ चांगला मिळायचा. सासरच्या कार्डावर रंजना म्हणून नाव चढलं. म्हणजे तांदूळ राजामणी घ्यायची आणि गहू रंजना. हद्दीवरच्या किती घरांत असं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो, हुशारी म्हणत होतो. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी गेले, त्यामुळे माझी मुलगी अश्विनी तिकडे जन्मली. पुढे आधार कार्डाचं शिबिर लागलं तेव्हा आईच्या दुखण्यासाठी मी तिकडे होते, तर तिथेच बोटं टेकवली. नाव राजामणी, पत्ता माहेरचा. "एकदा झालं ना, कुठलं का असेना," असं मीच म्हणाले होते.

मग सासरच्या कार्डाला आधार जोडायचा हुकूम निघाला. रंजनाकडे आधार नव्हताच. तिचं नाव गळालं. सासूबाईंचं आणि अश्विनीचं राहिलं. मी मनावर घेतलं नाही. अश्विनी तान्ही असतानाच आम्ही लातूरला आलो होतो, नवरा तिथल्या डाळमिलमध्ये मशिनवर होता. अश्विनी पाचवीत असताना तो काविळीने गेला होता. मी लातुरातच राहिले आणि क्लासच्या पोरापोरींसाठी मेस चालवू लागले. दोन वेळचा स्वयंपाक आणि पोरीची शाळा यात कार्ड बघायला कोणाला वेळ होता?

तिसरा मजला

त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. ते आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत कसं येत होतं ते कोणी पाहिलं नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तिथून घागरी मी आणायची. ताटं धुवायला पाणी नको म्हणून पत्रावळीवर वाढायला लागले. काही वसतिगृहांनी पोरांना घरी पाठवलं, जी राहिली ती सगळी जेवायला माझ्याकडे.

दुसऱ्या मजल्यावर पोचले की मला पायरीवर बसावं लागायचं. पण गल्लीतल्या सगळ्याच बाया जिन्यात बसत होत्या. शेजारीण वरून हाक मारायची, "काय रंजनाबाई, पायरी आवडली का? तिथंच चूल मांडता का?" मीही म्हणायचे, "मांडते की, तुम्ही पाणी आणून द्या." सगळ्यांनाच दम लागत होता, त्यामुळे माझा दम वेगळा आहे हे कळायला दोन महिने गेले. हे मुद्दाम सांगते. कष्टाच्या दिवसांत दुखणं लपून बसायला जागा भरपूर असते.

एके दिवशी अश्विनी माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तुझे ओठ जांभळे दिसून राहिलेत. जांभूळ खाल्लंस का?"

"या दुष्काळात जांभूळ कुठलं?"

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

फूटव्हॉल्व

छातीवर गार चिकट काहीतरी लावून डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत होते. तरुण माणूस, बोलायला सरळ.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आला होता. नऊ वर्षांची होते. आईने कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं. पाल्याचा लेप लावला, ताप उतरला."

"ताप उतरला, पण हृदयाच्या झडपेवर डाग ठेवून गेला. विहिरीच्या मोटारीचा फूटव्हॉल्व माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तो जाम झाला की काय होतं?"

"मोटार नुसती तापते. पाणी चढत नाही."

"तेच झालंय."

"बदलावा लागेल?"

"बदलावा लागेल."

"किती वेळ आहे?"

"महिने आहेत. वर्ष नाही."

या डॉक्टरांची मी ऋणी आहे. आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी मला धीर दिला त्यांच्यापेक्षा त्यांचं हे वाक्य जास्त कामाचं होतं. बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात संध्याकाळची भाजी होती. भीती वाटली ती घरी आल्यावर, कणीक मळताना. हात कणकेत होते आणि डोळे पुसायला कोणी नव्हतं, म्हणून रडणं पुढे ढकललं. एकदा पुढे ढकललं की ते तसंच राहतं, हा माझा अनुभव.

खिडकी

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सरकारी योजनेतून हे ऑपरेशन मोफत होतं. मी कागदांची पिशवी घेऊन इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर गेले. तिथे एक तरुण मुलगी बसली होती. तिने आधार पाहिलं.

"मावशी, हे तेलंगणाचं. रेशनकार्ड?"

मी माहेरचं कार्ड दिलं. माझं नाव असलेलं तेवढंच होतं.

"हे तर पांढरं. पांढरं म्हणजे श्रीमंतांचं."

"इकडे श्रीमंतांचं. तिकडे पांढरं गरिबाला देतात."

"मग तिकडेच जावं लागेल."

"अगं, मी सतरा वर्षं लातुरात राहते."

तिने मान वर केली. "मला माहीत आहे मावशी. मी बारावीला तुमच्याकडेच जेवत होते. भाजीला मीठ कमी असायचं. पण मशीन मला विचारत नाही ना, तुम्ही कुठल्या म्हणून. ते तुमचं बोट बघतं."

ती वाईट वागली नाही. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, कोणते कागद लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. लातूरच्या पोरांना इतकी वर्षं जेवू घालणारी बाई त्या खिडकीतून परगावची म्हणून परत आली, यात तिचा दोष नव्हता. माझाही अर्धाच होता.

मधल्या मधी

तुम्ही म्हणाल, मग तिकडे जायचं होतं सरळ. माझा धाकटा भाऊ साईलू तेच म्हणत होता. "अक्का, कार्ड हाय, आधार हाय, हैदराबादला नाव लावतो, ये तू."

अडचण अश्विनीची होती. ती बारावीत गेली होती आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. राज्याच्या जागांसाठी रहिवासी दाखला लागतो. मी तालुक्याच्या कचेरीत विचारून आले. मुलीचा जन्म परराज्यातला, वडील वारलेले, मग आई कुठे राहते ते बघावं लागेल, असं उत्तर मिळालं. तिकडच्या इस्पितळात मला लिहून द्यावं लागणार होतं की मी तिथलीच कायमची रहिवासी आहे. तसं लिहून दिलं तर अश्विनीचा इकडचा दाखला अडणार. आणि तिकडे तर तिला जागा नव्हतीच. ती तिथल्या शाळेत एक दिवस गेलेली नव्हती. म्हणजे माझी झडप आणि तिचं कॉलेज, दोन्ही एकाच कागदावर येऊन बसले होते.

मी ठरवलं, आधी इकडची व्हायचं. त्यासाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला हवा. पावसाळ्यात अर्ज दिला. तेवढ्यात तिकडे नवे जिल्हे होणार अशी बातमी आली. दसऱ्याला नवा जिल्हा झाला, आमच्या माहेरच्या गावात फटाके वाजले. साईलू फोनवर ओरडून सांगत होता, "अक्का, जिल्हा घराजवळ आला बघ!" जिल्हा जवळ आला, पण माझा अर्ज जुन्या जिल्ह्यातून निघाला होता आणि नव्यात पोचला नव्हता. नव्या कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, कपाटं यायची होती. तिथल्या साहेबांनी अगदी अदबीने सांगितलं, "अम्मा, तुमच्या मंडलाचं दप्तर वाटेत आहे." मंडल म्हणजे तिकडचा तालुका.

तोपर्यंत मला आडवं झोपता येत नव्हतं. तीन उशा मागे लावून बसून झोपायचे. डॉक्टरांनी तपासून एवढंच विचारलं, "अजून इथेच का?"

साईलू लातूरला आला. तो फार बोलणाऱ्यातला नाही. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, आपल्याकडचं नाव कमी झालं अन् इथलं लागलं न्हाई, तर मधल्या मधी जाशील तू."

"मरशील म्हण की सरळ."

"तेच म्हणून राहिलो."

मी अर्ज मागे घेतला. दप्तर वाटेत अडकलं होतं म्हणून माझं नाव तिकडे अजून शिल्लक होतं. माझ्या आजारपणातली ही पहिली मोठी मेहेरबानी. ती कोणाची म्हणायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सही

जाण्याआधी अश्विनीची सोय लावायची होती. तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एका वयस्कर माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि वाट काढली. पोरीचं नाव आजीच्या कार्डावर आहे ना? मग पालक आजी. आई मधे आणायचीच नाही. त्याने टाइप केलं आणि वाचून दाखवलं: "सदर महिला पतीच्या निधनानंतर अज्ञान मुलीस सासरी सोडून कायमची माहेरी निघून गेली असून मुलीचा संपूर्ण सांभाळ व शिक्षण तिच्या आजीने केले आहे."

मी म्हटलं, "ते 'सोडून' काढता येईल का?"

"काढलं तर केस ढिली पडते, ताई. गेली म्हणायचं तर पुरती गेली म्हणावी."

मी सही केली. खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. आमच्याकडे नवऱ्यामागे पोर टाकून जाणाऱ्या बाईबद्दल काय बोलतात तेही माहीत होतं. पण त्या वेळी मला दोनच गोष्टी दिसत होत्या, श्वास आणि दाखला. अश्विनीला मी मजकूर सांगितला नाही. आजीचा अंगठा लागेल एवढंच सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, साहेब विचारतील तेव्हा हो म्हणायचं. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "बघू."

मोजून पाणी

हैदराबादच्या इस्पितळाबद्दल थोडक्यात सांगते. ऑपरेशनची भीती ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंतच असते. नंतर माणूस इतका कामात असतो की भ्यायला फुरसत नाही. खोकायचं कसं, उठायचं कसं, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. कोणी सांगितलं नाही तर स्वतःहून मागा. हात वर करू देत नाहीत, म्हणून वेणी घालता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण रोज सकाळी तिची वेणी घालून झाली की न विचारता माझ्यामागे येऊन बसायची. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मेहेरबानी नंबर दोन.

पाणी मोजून द्यायचे. दिवसाला ठरलेलं, त्याच्या वर थेंब नाही. आजूबाजूच्या बाया पाण्यासाठी नर्सशी भांडायच्या. मी भांडले नाही. नर्सने विचारलं, "अम्मा, तुम्हाला तहान लागत नाही का?" मी म्हटलं, "मी लातूरची आहे." तिला काही कळलं नाही.

माझं तेलुगू सतरा वर्षांत गंजलं होतं. बोलताना मधेच मराठी शब्द यायचा आणि खाटांवर हसू पिकायचं. तिथे सगळ्या मला "महाराष्ट्राची" म्हणायच्या. लातूरच्या खिडकीवर मी तेलंगणाची होते. सासरी तर लग्नापासून सासूबाईंच्या तोंडात "तेलंगीण" हेच नाव. भाजीत चिंच जास्त पडली की "तेलंगिणीनं केलंय", दार वाजलं की "तेलंगीण आली", राग आला की "जा तुझ्या मुलकात." मी खाटेवर पडल्या पडल्या विचार करायचे की आता खरंच मुलकात आले आहे, आणि कागदावर कायमची आले आहे.

झडप धातूची बसवली. ती वाजते. घड्याळासारखा बारीक आवाज. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग यायचा. आता खोलीत शांतता असली आणि आवाज आला नाही तर मी हात लावून बघते.

सासूबाईंची मेस

मी नसताना मेस बंद ठेवायची असं ठरलं होतं. सासूबाई गावाकडून आल्या आणि त्यांनी बंद ठेवली नाही. पोळ्या त्यांना मान्य नव्हत्या. सगळ्यांना ज्वारीची भाकरी. एका पोराने पोळी मागितली तर म्हणाल्या, "डाक्टर व्हायचंय ना? मग भाकर चाव. दात नसलेल्या डाक्टरकडं कोण जाईल?" दोन पोरं सोडून गेली, पाच नवी आली. अश्विनी त्याच दोन खोल्यांत बारावीचा अभ्यास करत होती. आजी भाकरी थापताना तिच्याकडून पाठ म्हणून घ्यायच्या. त्यांना अक्षर येत नाही. अश्विनी अडखळली की तेवढं कळायचं.

मी परत आले तेव्हा त्यांनी दारातच मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आली का तेलंगीण. किती वाळली. तिकडं चिंचेशिवाय काही देत न्हाईत का?"

खिडकीबाहेर

निकाल लागायच्या सुमारास आम्ही तिघी तालुक्याच्या कचेरीत गेलो. कागदावर मी माहेरी होते, म्हणून टायपिंगवाल्याने मला बजावलं होतं, आत यायचं नाही. मी साहेबांच्या खिडकीखाली दगडावर बसले. ऊन होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं. "मुलीस सासरी सोडून" इथे ते थांबले. अश्विनीने तो मजकूर तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला माझ्या झडपेचा आवाज येत होता.

"आजी, हे बरोबर आहे का? सून कुठे असते तुमची?"

"ती काय, खिडकीभायेर बसलीय," सासूबाई म्हणाल्या. "तिला आत बोलवा की. ऊन लागून राहिलं तिला. ऑपरेशन झालेली बाई हाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेब खिडकीत आले. मी उठून उभी राहिले, दुसरं काय करणार? नमस्कार केला.

"आजी," साहेब आत वळून म्हणाले, "इथे लिहिलंय की ती मुलीला टाकून निघून गेली. खाली तिचीच सही आहे."

"तिला काय कळतंय? श्वास पुरत नव्हता तव्हा केलेली सही." मग त्यांचा आवाज चढला. "माझा ल्योक गेला तव्हा हिचे माहेरचे न्यायला आलते. बैलगाडी न्हाई, जीप घेऊन आलते. गेली न्हाई. लातुरात लोकाच्या पोरांना पोळ्या करून ही पोरगी शिकवली. निघून गेली म्हणं! मी अंगठा देणार न्हाई त्या कागदावर."

टायपिंगवाल्याने लिंबाखाली कपाळावर हात मारलेला मी पाहिला.

साहेब चांगले होते. त्यांनी कागद घडी करून सासूबाईंच्या हातात दिला. "हा मी पाहिला नाही. जे खरं आहे ते लिहून आणा. घरमालक, शाळा, शेजारी, सगळ्यांची चौकशी लावतो. पण वेळ लागेल."

"लागू द्या," सासूबाई म्हणाल्या. वेळ म्हणजे काय ते त्यांना कळलं नव्हतं. मला आणि अश्विनीला कळलं होतं.

वेळ

चौकशी झाली. घरमालकाने लिहून दिलं. शाळेने पाचवीपासूनच्या प्रगतिपुस्तकांवरच्या माझ्या सह्या दाखवल्या. राजामणी आणि रंजना एकच, याला पुरावा म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून लग्नपत्रिका काढली. तिच्यावर राजामणी होतं, आणि मागच्या बाजूला नवऱ्याने तेव्हा पेनने रंजना लिहून बघितलं होतं, तीनदा. दाखला मिळाला. तोवर पहिली यादी लागून गेली होती, कागद पडताळायची मुदत संपली होती. त्या मार्कांवर तिला डॉक्टरकीची जागा मिळाली असती की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःला हो म्हणूनही सांगत नाही आणि नाही म्हणूनही नाही.

अश्विनीला डॉक्टर व्हायचं होतं. ती नांदेडला नर्सिंगची पदवी करते आहे. मी पुन्हा परीक्षेला बस म्हटलं. ती म्हणाली, एक वर्ष अजून मेसमध्ये बसून तुझ्यावर ओझं व्हायचं नाही. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या प्रतिज्ञापत्रावरून मात्र भांडण झालं नाही. कचेरीतून आल्यावर ती तिसऱ्या दिवशी माझ्या गोळ्यांचा डबा भरताना म्हणाली, "आई, मला सोडायचं असलं तर आधी मला विचारत जा." मी हो म्हटलं. याहून जास्त काही बोलायला आम्हा दोघींना येत नाही.

बिलोलीच्या बाईला जे सांगितलं ते

तांदूळ दोन्हीकडचा खाऊ नका. आज मोकळ्या आहात, धडधाकट आहात, तर आजच एका बाजूच्या व्हा. लग्नपत्रिका जपा. मुलगी माहेरी जन्मली असेल तर तिचा रहिवासी दाखला ती दहावीत असतानाच काढा, प्रवेशाच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आणि आजार आधीच आला असेल, तर ज्या बाजूला नाव आहे त्या बाजूला उठून जा. दप्तर वाटेतून येईल, श्वास येणार नाही. कागदाचं नंतर निस्तरता येतं. थोडं निसटतं त्यात, ते निसटतंच. आणि ज्या सहीने आपण कोणाच्या तरी आयुष्यातून बाहेर पडतो, ती करण्याआधी त्या माणसाला दाखवा.

तिने विचारलं, "मग तुमचं नाव आता कुठं हाय?"

अजून तिकडेच आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे, तपासणी दर महिन्याला आहे, आणि ती मला राजामणी म्हणूनच मिळते. बदलायचं आहे. अश्विनीचं शिक्षण झालं की बदलेन. तोवर मी महिन्यातून एक दिवस तेलंगणाची असते.

कचेरीतून परतताना बसमध्ये मी सासूबाईंना विचारलं होतं. एवढी वर्षं "जा तुझ्या मुलकात" म्हणून ऐकवलंत. एकदा, एका कागदावर, "गेली" म्हणायचं होतं, तर म्हणाला नाहीत. पोरीची जागा होती त्यात.

त्यांनी खिडकीतून बाहेर पानाची पिंक टाकली, पदराने तोंड पुसलं.

"गेली असतीस तर म्हणले असते," त्या म्हणाल्या. "गेली न्हाईस."

आता त्या गावाकडे असतात. रोज संध्याकाळी शेजारच्या पोरीकडून फोन लावून घेतात. फोन उचलला की तिकडून एकच वाक्य येतं, आणि ते ऐकल्याशिवाय मी पाण्याचा पेला हातात घेत नाही.

"ए तेलंगीण, गोळी घेतली का?"